शिरगणतीत आपली वाडी कुठे?

बायांनो, दादांनो,

चाकणच्या चौकात उभं राहून मावळतीकडं बघा. खाली कारखान्यांचे पत्रे, गोदामं, कंटेनरच्या रांगा. लांब वर डोंगराची धार. भामा आणि भीमा तिकडूनच उतरतात. त्यांच्या वरच्या खोऱ्यात आपण राहतो: महादेव कोळी, ठाकर, कातकरी. आपलं पाणी खाली जातं, भामा आसखेडचं तर पार पुण्यापर्यंत. आपली माणसंही मजुरीला खालीच जातात. आणि शहराची हद्द मात्र खालून वर चढत येते.

कशी चढते ते बघा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावंच होती. १९७० साली त्यांची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली धरून १८ गावं आत घेतली. मोशीपुढं इंद्रायणी ओलांडली की आपला खेड तालुका. २०११ च्या जनगणनेत चाकणची वस्ती ४१ हजारांवर होती, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. नगर परिषद नंतर आली. आता चाकण आणि भोवतालच्या गावांची महापालिका करा, अशी भाषा चालू आहे.

गावाला शहर ठरवायचा जनगणनेचा नियम असा: वस्ती किमान ५ हजार, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य कामकरी पुरुषांतले शंभरातले ७५ तरी शेतीबाहेर. नीट वाचा, पुरुषांतले! लावणी करणारी, हिरडा वेचणारी बाई या हिशोबात नाहीच. पोरं कंपनीत गेली की कागदावर गाव शहर होतं, मग बाया शिवारात राबेनात का!

आपली पोरं म्हणतात, "नगर परिषद झाली तर नळ येईल, गटार होईल, काय वाईट?" मागणं खोटं नाही. पण नळ तर ग्रामपंचायतीकडूनही हक्कानं मागता येतो. त्यासाठी ग्रामसभा गहाण का टाकायची? २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. नगर परिषदेत वॉर्ड असतो, पंचायतीची ग्रामसभा राहत नाही. रोजगार हमीचं कामही खेड्यासाठी, शहरासाठी नाही. शेजारच्या आंबेगाव, जुन्नरची पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना पेसा आहे. खेडच्या आदिवासी गावांना ती ढालही नाही. म्हणून आपल्याला जास्त जागं राहावं लागेल.

येती जनगणना १ मार्च २०२७ ची धरून होणार आहे. माणसं मोजायची वेळ म्हणजे फेब्रुवारी. तेव्हा आपली कितीतरी घरं वीटभट्टीवर असतात, वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री. वाडीत कुलूप बघून मोजणारा मागं फिरला, भट्टीवर कोणी गेलंच नाही, तर आपण दोन्हीकडून गायब. आणि जे मोजले जात नाहीत त्यांच्या नावानं ना राखीव जागा, ना निधी.

म्हणून तीन कामं करा.

एक, भट्टीवर असा की घरी, मोजून घ्या. नुसतं "आदिवासी" सांगू नका, जमातीचं नाव सांगा आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा.

दोन, ग्रामसभेत आपल्या वाडीची हद्द, गायरान, पाणवठे, देवराई, वाटा यांचा नकाशा ठरावासह नोंदवा. राहिलेले वनहक्काचे दावे, सामूहिक सुद्धा, आत्ताच घाला. उद्यावर टाकू नका.

तीन, हद्दवाढीची नोटीस चावडीवर लागली तर लगेच कळवा. नगर परिषद करताना सरकारला आधी मसुदा जाहीर करून हरकतींना निदान ३० दिवस द्यावे लागतात. त्या दिवसांत वाडीवाडीतून लेखी हरकत गेली पाहिजे, पोच घेऊन.

शहर कुठवर आलं ते दुसरे सांगतील. गाव कुठून सुरू होतं ते आपण सांगायचं.

जिंदाबाद!