अठरा भोकं आणि एक बाक

बँकेत बावीस वर्षं काउंटरच्या आत बसल्यामुळे श्रीमंत माणसं मी फक्त कमरेपासून वर पाहिलेली आहेत. त्यांची पूर्ण उंचीची ओळख परवाच्या रविवारी झाली. बी.कॉम.च्या परीक्षेत माझ्या मागे बसून माझाच ताळेबंद उतरवून काढणारा एक वर्गमित्र आता बांधकामाच्या धंद्यात आहे. (त्याचा ताळेबंद जुळला. माझा अजून जुळायचाय.) "अरे, एकदा गोल्फ बघच," असं म्हणून त्यानं भल्या पहाटे मला गाडीत घातलं आणि आमच्या पुण्यातल्या एका क्लबावर नेलं.

गोल्फ हा खेळ सांगायला सोपा आहे. सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात चेंडू घालायचा आणि हेच अठरा वेळा करायचं. त्यासाठी पिशवीत चौदापर्यंत दांडे ठेवायची मुभा आहे. पण ती पिशवी खेळणाऱ्यानं उचलायची नसते. त्यासाठी कॅडी असतो. आमच्या मित्राचा कॅडी पन्नाशी उलटलेला होता. मला गंमत म्हणून एक चेंडू मारायला दिला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, मान खाली ठेवा. वर बघू नका."

"मामा, नोकरीत दुसरं काय केलंय?" मी म्हटलं. तरी चेंडू झुडपात गेलाच. मामा काही न बोलता शोधायला गेले.

खेळ संपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. चार गोल्फर आणि मी. आधी मैदानांच्या गप्पा झाल्या. येरवड्याला झाडी कशी, लवळ्याच्या डोंगरात चढउतार कसे, खडकवासल्याला एन.डी.ए.चं मैदान कसं. मग कुणीतरी कलकत्त्याचा 1829 सालचा रॉयल क्लब काढला आणि सगळ्यांनी आदरानं क्षणभर चहा थांबवला. इथवर मी मान हलवत होतो.

मग विषय खाण्यावर आला. क्लब सँडविचचा त्रिकोण हातात धरून एकानं जाहीर केलं, "पुण्याची खाद्यसंस्कृती संपली!" दुसऱ्यानं बेडेकरांच्या मिसळीची आठवण काढून उसासा टाकला. तिसऱ्यानं गुडलकचा बनमस्का आणि कयानीची श्रूजबेरी बिस्किटं यांना श्रद्धांजली वाहिली. वास्तविक या तिन्ही जागा धडधाकट चालू आहेत. मी भीत भीत विचारलं, "शेवटची मिसळ कधी खाल्लीत?"

"गेल्याच महिन्यात. ड्रायव्हरनं पार्सल आणलं होतं."

वाचकहो, माझं भांडण इथं आहे. पार्सलची मिसळ म्हणजे लग्नाला न जाता अक्षता पोस्टानं मागवणं! मिसळ म्हणजे नुसती मटकी, फरसाण आणि रस्सा नव्हे. आधी रांगेत उभं राहायचं. मग ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसाच्या समोर जाऊन बसायचं. त्याचं नाक गळतंय, आपले डोळे गळतायत, आणि दोघंही एकाच सुरात "सॅम्पल आणा" म्हणून ओरडतायत, ही संस्कृती! डेक्कनवर 1935 पासून उभ्या असलेल्या गुडलकमध्ये पेन्शनर आणि कॉलेजातली पोरं एकाच छपराखाली पाव बुडवतात, ही संस्कृती. त्यातलं खाद्य पार्सलमध्ये मावतं. बाक मावत नाही.

गोल्फवर माझा राग नाही. शहरात एवढी झाडं एका जागी उरली आहेत हे पुण्याचं भाग्यच म्हणायचं. उद्या तिथं इमारती उठायला लागल्या तर हरकतीचा पहिला अर्ज मी करीन (वर्गमित्र रागावला तरी). पण शंभरावर एकरांना कुंपण घालायचं, आत यायला सभासदाची ओळख लागते असा नियम करायचा, आणि वर कुंपणाबाहेरचं शहर आपलेपणा विसरलं म्हणून गळा काढायचा, ही नोंद कुठल्याच खात्यात बसत नाही. चार तास एक माणूस यांच्या मागून पिशवी घेऊन चालला. मिसळ कुठं चांगली मिळते हे त्याला एकानंही विचारलं नाही. अहो, 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर, हा दिल्लीचा कॅडीच होता. पिशवी उचलणाऱ्याला खेळही कळतो. मिसळ कळणार नाही?

हे सगळं मी तिथं बोललो का? नाही. सँडविच मीही खात होतो, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं होतं.

बसनं जातो म्हणून मी बाहेर पडलो. रस्त्याच्या वळणावर पत्र्याचं छप्पर, दोन बाक आणि उकळता रस्सा दिसला. पोटात सँडविच असूनही पाय वळले. पहिला घास घेतो तोच समोर कुणीतरी प्लेट हातात घेऊन उभं राहिलं. बघतो तर मामा.

"साहेब, समोर बसू का?"

मिसळीच्या दुकानात हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तिथं लोक विचारत नाहीत, बसतात. सकाळी चार तास चार पावलं मागं चाललेला माणूस आता माझ्याकडे बाकावर बसायची परवानगी मागत होता. आणि ती सवय त्याला लावणाऱ्यांच्या टेबलावर मी नुकतीच बशी पुसून आलो होतो. रस्सा जरा जास्तच तिखट लागला.

"बसा की मामा! माझ्या बापाचा बाक आहे का?"

मामा बसले. आधी अगदी कडेला, मग सॅम्पल आल्यावर नीट. अर्धी प्लेट संपल्यावर म्हणाले, "इथली बरीय. पण खरी खायची तर सांगतो कुठं." आणि सांगितलं.

मी जाऊन आलो. मामा म्हणाले ते शंभर टक्के खरं. पत्ता मात्र इथं छापत नाही. ड्रायव्हर पाठवाल!