ट्रॉलीच्या जॅकला सील किट, मग गाडीच्या शॉकअपला भंगार का?



आज पिकाचं नाही, गाडीचं बोलायचंय. विषय जुन्या डर्ट बाइकच्या मागच्या शॉकअपचा आहे. वाचून "हे कसलं शेतीचं?" म्हणाल, तर पेरणीपासून काढणीपर्यंत शेताच्या वाटेवर सगळ्यात जास्त खेपा कोण मारतं ते आठवा. ट्रॅक्टर महिन्यातून चार दिवस चालतो, गाडी रोज. आपल्या प्लॉटवर भेटीला येणारे कृषी सहायक आणि जनावरांचे डॉक्टर पण याच वाटेनं येतात.

आता मला सांगा, ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक गळायला लागला तर आपण काय करतो? तालुक्याला जातो, सील किट आणतो, जॅक खोलतो, रॉडला ओरखडा आहे का बघतो, तेल भरतो आणि ट्रॉली परत कामाला. गळतोय म्हणून कुणी नवा जॅक घेत नाही. एचटीपी पंपाचंही तसंच, वायसर आणि सील बदलून वर्षानुवर्षं चालवतो. गाडीचा मागचा शॉकअप आतून याच जातीचा आहे: नळी, रॉड, पिस्टन, सील आणि तेल. पण तो गळाला की आपण एक तर तसाच चालवतो, नाहीतर मिस्त्रीला म्हणतो, "जरा टाईट करून द्या." आणि शेवटी भंगारात.

माझं म्हणणं सरळ आहे. खोलता येणारा शॉकअप असेल तर तो खोलून, सील-तेल-गॅस बदलून परत बांधावा. स्प्रिंग टाईट करणं ही दुरुस्ती नव्हे.

हे नीट समजून घेऊ. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. वजन उचलते ती स्प्रिंग. स्प्रिंगची उसळी रोखतं ते आतलं तेल. पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ चकत्या असतात, त्यातून तेल दाबून जातं, त्या रेट्यात उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. तेल गळालं किंवा जुनं होऊन पाण्यासारखं पातळ झालं की स्प्रिंग मोकाट सुटते. अशा वेळी स्प्रिंग आणखी आवळली तर गाडी मागून उंच दिसते आणि बसल्यावर कडक लागते. आपल्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात तेल नाही ते नाहीच, आणि उसळी वाढते.

यात जिवाचा प्रश्न आहे. डीएपीच्या दोन गोण्या म्हणजे १०० किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची. दुधाचा ४० लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच ४१ किलोच्या आसपास. एवढं वजन मागे असताना खड्ड्यातून निघाल्यावर गाडी एकदा बसून थांबायला पाहिजे. तेल नसेल तर ती तीन-चार वेळा झुलते. झुलताना मागचं चाक क्षणभर जमीन सोडतं. तेव्हा मागचा ब्रेक कितीही दाबा, उपयोग नाही. पुढचं चाकही हलकं होतं, हँडल भरकटतं. पाटाच्या कडेनं किंवा मुरमाच्या उतारावर हे झालं तर काय होतं, ते प्रत्येक गावात कुणीतरी भोगलेलं आहे. आणि दोष मात्र रस्त्याला दिला जातो.

तपासणी सोपी. गाडी उभी करून सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. वरखाली झुलत राहिली तर आतलं तेल गेलं समजा. रॉडला तेलकट चिखल चिकटलेला असेल तर सील गेलं. मागचा टायर खड्डे पडल्यासारखा झिजत असेल तरी संशय घ्या. एक मात्र आधी बघा: मागचं चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड लागली तर चिमट्याचे बुश किंवा लिंकेजच्या बेअरिंग गेलेल्या असू शकतात. तिथलं ग्रीस पावसाळ्यात धुऊन जातं. कित्येकदा दुखणं तिथं असतं आणि बदनामी शॉकअपची होते.

आता खोलता येतो की नाही, ते कसं ओळखायचं? डर्ट बाइकच्या एकेरी शॉकअपला बहुधा गॅसचा व्हॉल्व असतो आणि रॉडच्या बाजूचं झाकण काढलं की आत सर्क्लिप दिसते. असं असेल तर खोलता येतो. नळीची कडाच दाबून बंद केलेली असेल, जशी बऱ्याच साध्या गाड्यांच्या जोडशॉकअपची असते, तर त्याच्या नादी लागू नका. तिथं नवी जोडीच टाका. एकच बदलू नका.

खोलताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

१. काढण्याआधी स्प्रिंगची आवळण किती आहे ते मोजून लिहून ठेवा. बांधताना तीच लागते.

२. शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली असतो. व्हॉल्वचं तोंड स्वतःकडे न ठेवता, डोळ्याला चष्मा लावून, आधी तो पूर्ण सोडा. गॅस न सोडता सर्क्लिपला हात लावायचा नाही. या एका बाबतीत घाई नको.

३. तेल पांढऱ्या भांड्यात काढा. काळपट आलं तर जुनं. चांदीसारखी चमक असेल तर आत धातू झिजतोय, बुश आणि पिस्टनची रिंग बघा.

४. रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे क्रोम उडालाय. तसाच ठेवून नवं सील टाकलं तर ते लवकरच कापलं जाणार. आधी रॉड हार्ड क्रोम करून घ्या.

५. पिस्टनवरच्या चकत्या ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. एकही उलटी-सुलटी करू नका. गाडीचा सगळा स्वभाव त्या चकत्यांत असतो.

६. तेल शॉकअपचंच, पुस्तकात दिलेलं घाला. इंजिन ऑइल किंवा जॅकचं तेल चालत नाही. भरताना रॉड हळूहळू हलवून बुडबुडे पूर्ण काढा. हवा राहिली तर सगळी मेहनत वाया.

७. शेवटी नायट्रोजन. बऱ्याच डर्ट बाइकच्या शॉकअपला साधारण १५० पीएसआय, म्हणजे १० बारच्या आसपास लागतो. नेमका आकडा पुस्तकातला घ्या.

नायट्रोजनवर जरा थांबतो, कारण घोळ इथंच होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका. त्या हवेत ओलावा असतो आणि ऑक्सिजनही, तेल आणि आतलं रबर दोन्ही खराब होतं. पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन एवढ्या दाबाचा नसतो. आणि कृत्रिम रेतनाच्या कंटेनरमधला द्रव नायट्रोजन तर चुकूनही नाही, तो अतिथंड असतो आणि बंद जागेत गॅस होऊन फुटतो. मग मिळणार कुठं? तालुक्याच्या गावात फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे बघा. पाइपची गळती तपासायला ते कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरसह ठेवतात. हात बसलेला माणूस असेल तर काम होतं.

कुणी म्हणेल, "एवढं सगळं गावात कोण करणार?" रास्त प्रश्न आहे. प्रत्येकानं स्वतः करावं असं मी म्हणत नाही. शॉकअप गाडीवरून काढणं मात्र कुठल्याही मिस्त्रीला जमतं, मुख्य बोल्ट वर एक आणि खाली एक. काढलेला शॉकअप पार्सल करा. पुणे-नाशिककडे मोटोक्रॉसच्या शर्यती होत आल्यात, त्या गाड्यांची कामं करणारे हात तिकडे शोधले तर सापडतात. खर्चाचं माझं गणित असं: दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या आत येत असेल आणि रॉड चांगला असेल तर दुरुस्ती. त्यावर जात असेल किंवा नळीच आतून घासली असेल तर नवा घ्या. मॉडेल बंद पडलेलं असेल तर हे गणितही उरत नाही, आहे तोच वाचवावा लागतो.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं, दोन्ही क्षेत्रं आहेत. चांगलं झालं. पण पोर्टलवर नाव असणं वेगळं आणि तालुक्याच्या दुकानात सील किट हातात पडणं वेगळं. जॅकचं सील किट आज मिळतं ते कुणी उपकार केले म्हणून नाही. आपण मागत राहिलो, दुकानदारानं ठेवायला सुरुवात केली. शॉकअपचंही तसंच होईल. पूर्ण शॉकअपच घ्या म्हणणाऱ्याला आपण मुकाट पैसे देत राहिलो तर सुटं किट कुणी ठेवणार नाही.

म्हणून जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकता तसं वाकून मागचा रॉडही बघा. नवी घेताना ॲव्हरेज विचारता, त्यासोबत एक प्रश्न वाढवा: "याच्या शॉकअपचं सील किट सुटं मिळतं का?" उत्तर नाही आलं तर त्या गाडीची किंमत मनातल्या मनात कमी धरा.

आणि धुण्याचं एक. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा थेट रॉडच्या सीलवर मारू देऊ नका. काळ्या रानाचा चिखल रॉडवर वाळू देऊ नका, वाळला की तो सीलला पॉलिश पेपरसारखा घासतो. संध्याकाळी ओल्या फडक्यानं रॉड पुसायला मिनिटभर लागतं.

तुमच्या भागात शॉकअप खोलून नीट बांधणारं कुणी असेल तर तालुक्याचं नाव खाली लिहा. शोधणाऱ्यांची सोय होईल. मृगाच्या आधी ज्यांना काम उरकायचंय, त्यांनी आजच सीट दाबून बघा.