‘मी गेले’ म्हणायची चोरी

संशोधक हा केवळ संशोधक असतो. त्याचे बाईपण-पुरुषपण प्रबंधात आणणे म्हणजे शास्त्राचे रडगाणे करणे, असे एका विद्वानांनी परवा चर्चासत्रात ठणकावले. हिंसाग्रस्त भागात जायची भीती वाटत असेल त्यांनी ग्रंथालयात बसावे, असाही सल्ला दिला. टाळ्या पडल्या. वातानुकूलित सभागृहात शौर्याला फार खर्च येत नाही.

२०१० साली मानववंशशास्त्रज्ञ अल्पा शहा नक्षलवाद्यांच्या तुकडीबरोबर बिहार-झारखंडच्या जंगलांतून सात रात्री, सुमारे २५० किलोमीटर चालल्या. तुकडीत त्या एकट्याच स्त्री, आणि अंगावर पुरुषाचा वेश. संशोधकाला बाईपण नसतेच, तर ते झाकायचे कशाला? पुरुष संशोधकाने लुगडे नेसून क्षेत्रकार्य केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मराठीत तर ही तटस्थता क्रियापदापाशीच अडखळते. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, मधला रस्ता नाही. म्हणून आपण ‘प्रस्तुत संशोधकाने भेट दिली’ असे लिहितो. हे भांडण माझे जुनेच. माझ्या प्रबंधातले ‘मी गेले’ मार्गदर्शकांनी लाल शाईने खोडले होते. त्या शाईखाली बरेच काही गेले: शेवटची एसटी पाच वाजता सुटायची म्हणून संध्याकाळच्या बैठका हुकल्या; ‘नवरा कुठाय?’ याचे उत्तर दिल्याशिवाय पुढची मुलाखत सुरू होत नसे. आणि अंगणात गडीमाणसे मोजूनमापून बोलत असताना, चुलीपाशी मात्र रात्री कोण आले, कोणाला नेले, हे सारे मला कळले. ती चूल माझ्या ‘संशोधका’ला दिसलीच नसती. पण पुरावा ठेवायचा आणि तो हाती कसा आला ते खोडायचे, याला शास्त्र म्हणायचे!

बायकांनाच धोका, म्हणता? २०१६ मध्ये कैरोत छळ करून मारला गेलेला संशोधक जूलिओ रेजेनी पुरुष होता. पुरुषाकडे हेर म्हणून पाहिले जाते, तेही कधी कधी त्याच्या पुरुषपणामुळे, हे मात्र विद्वानांच्या ध्यानात येत नाही.

मग करावे काय? पद्धतीच्या प्रकरणात एक पान द्यावे: कोण गेले, कोणाच्या सोबतीने, कुठे जाता आले नाही, त्यामुळे काय ऐकायचे राहिले. आणि सोबतीच्या माणसाचे एसटीचे तिकीट ‘अनावश्यक खर्च’ म्हणून कापू नये.