मोत्याचे कागद कधी काढणार?

मध्यंतरी चिंचोटीला एका मैत्रिणीकडे गेले होते. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागलेली, घरात नुसती धांदल. व्हिसा आले होते, मुलांचे शाळेचे दाखले निघाले होते, लोणची-पापडही बांधून झाले होते. विमान तीन आठवड्यांवर. आणि मोत्या प्रत्येक बॅग हुंगत फिरत होता. ‘‘याचं काय गं?’’ मी विचारलं. ‘‘दरवर्षी इंजेक्शनं दिलीत की! नेऊ बरोबर.’’ दोन दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा ती रडत होती.

मोत्याला लस होती, चिप नव्हती. युरोपीय संघाच्या नियमानुसार आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, १५ आकडी क्रमांकाची मायक्रोचिप बसवायची. मगच रेबीजची लस. चिपच्या आधीची लस हिशेबात धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं. ते पास झालं, तरी रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं. म्हणजे कमीत कमी चार महिने! शेवटी केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, आणि ते मिळाल्यापासून १० दिवसांत तिकडे पोचायला हवं. ‘तुम्ही पुढे व्हा, मागाहून पाठवतो’ हेही सोपं नाही. मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांत प्राणी गेला नाही, तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात.

राग येतो खरा. पण जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात होतात. हा आजार महिनोन्‌महिने अंगात दबा धरून बसू शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर जीव वाचणं जवळजवळ अशक्य. त्यांनी काळजी घेतली तर चुकलं कुठे? अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. सहा महिन्यांहून लहान पिल्लू तिथे चालत नाही, चिप सक्तीची आहे. ऑस्ट्रेलियात तर आपल्याकडून कुत्रं थेट नेताच येत नाही.

वसईकरांना परदेश नवा नाही. पण सगळ्यांचे कागद होतात, मुक्या जिवाचे मात्र राहतात. मग आयत्या वेळी कुणाच्या तरी गळ्यात बांधायचं, नाहीतर रस्त्यावर सोडायचं. गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं महामार्गाच्या कडेला प्रत्येक गाडीकडे बघत उभं असतं, ते असंच कुणाच्या तरी घरचं असतं.

म्हणून मैत्रिणींनो, तहान लागल्यावर विहीर खोदू नका. घरात परदेशाचा नुसता विषय निघाला, तरी चिप बसवून घ्या आणि त्यानंतर लस द्या. युरोपसाठी एकदा पास झालेली रक्ततपासणी, पुढची प्रत्येक लस मुदतीत दिली, तर पुन्हा करावी लागत नाही. म्हणजे हा खर्च वाया जात नाही. कुत्रं म्हातारं असेल, प्रवास झेपणार नसेल, तर वेळ हाताशी असतानाच त्याला चांगलं घर शोधा. तेही प्रेमच आहे.

मोत्या सध्या मैत्रिणीच्या आईकडे आहे. चिप बसली, लस झाली, रक्तही तपासून आलं. दिवाळीत ती स्वतः त्याला न्यायला येणार आहे. तोवर आजी रोज संध्याकाळी फोन त्याच्या कानाला लावते.