ट्रॅक्टर विकला, नाव उतरले का?

जुना ट्रॅक्टर विकताना आपला व्यवहार बांधावरच होतो. स्टॅम्पपेपरवर दोन सह्या, पैसे मोजले, चावी दिली, संपले! कायद्याच्या लेखी मात्र काहीच संपत नाही. आरसी बुकावर ज्याचे नाव, तोच मालक. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या पहिल्या मालकावरच बसली. उद्या तुम्ही विकलेल्या ट्रॅक्टरखाली कोणी सापडले, तर नोटीस तुमच्या दारी येईल.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते : व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० द्यावा. कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका. पोच जपून ठेवा.

पण विकणाऱ्याने कळवले आणि घेणारा गप्प बसला, तर नाव तसेच राहते. हा कुठला न्याय? माल विकला की जबाबदारी सुटली, हा बाजाराचा साधा नियम आहे. नमुना २९ ची पोच मिळाली त्या दिवसापासून विकणारा मोकळा, अशी दुरुस्ती सरकारने करावी. तोवर आपणच शहाणे होऊ. आधी कागद, मग चावी!