पोहे निवले, ठराव बाकी

सोमवारी रात्री दहाला मोबाइलवर निरोप आला : 'उद्या साडेसातला बिझनेस ब्रेकफास्ट मीटिंग. दुसरबीड, हायवेवरचं हॉटेल. वेळ पाळावी.' निरोप आमच्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा. तिचा अध्यक्ष माझा वर्गमित्र, आणि 'लेखक माणूस बसलेला बरा दिसते' असं त्याचं मत. चहाच्या दुसऱ्या कपाआधी मी माणसांत नसतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यालाही आहे.

अशा कंपन्यांची सोय कायद्यात २००२ साली झाली. किमान १० शेतकरी, ५ ते १५ संचालक, तीन महिन्यांतून एक तरी बैठक आणि तिची सात दिवस आधी लेखी सूचना. नाश्त्याबद्दल कायदा गप्प आहे. ती टूम अमेरिकेची. तिकडे १९८५ साली आयव्हन मिस्नर यांनी बीएनआय काढली. सकाळी खायला जमायचं आणि एकमेकांना गिऱ्हाइकं जोडून द्यायची.

समृद्धीवरून संभाजीनगरचा सल्लागार आला होता. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि त्याच वेळी पोहे आले. वर तर्री, बाजूला मिरचीची भजी. साहेब बोलतायत म्हटल्यावर हात कोण लावणार? 'व्हॅल्यू चेन'च्या तिसऱ्या चित्रापर्यंत तर्रीवर साय धरली. माझं म्हणणं साधं आहे : आधी खाऊ घाला, विषय एकच ठेवा, नऊला उठा. लिलावाला पोचायचं असतं लोकांना.

विषय खरं तर एकच होता. सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र घ्यायचं की नाही? हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. यार्डातला व्यापारी मात्र दाणा दाताखाली धरतो आणि 'ओली हाय' म्हणून मोकळा होतो. आवाज 'कट्' आला की 'कच्' आला, हे त्याच्याच कानाला कळतं. एका वयस्कर संचालकाने हे बसल्या जागी दाणा चावून दाखवलं. अख्ख्या सकाळीत लोकांनी माना वर केल्या त्या तेवढ्याच. यंत्र घ्यायचं आणि ते कोणाच्या गोदामात ठेवायचं, हे शेवटी हात धुवायच्या नळापाशी दोन मिनिटांत ठरलं.

खरी चुरस बिलाला. आपल्याकडे बिल देण्याची एक जुनी कला आहे. बोलता बोलता उठायचं, हात धुवायच्या निमित्ताने गल्ल्यापाशी जायचं आणि परत येऊन बडीशेप चघळत 'चला' म्हणायचं. पकडलं गेलंच तर मनगटं धरायची, 'भाऊ, मले लाजवू नका' म्हणायचं. ही कला गल्ल्यावरच्या त्या बोलक्या डब्याने मारली. पैसे पोचले की तो आकडा सगळ्या हॉटेलला ओरडून सांगतो. मग यजमानाला संकोच आणि पाहुण्यांना हिशेब! माणशी किती पडले, हे त्या दिवशी तिघांनी मनातल्या मनात काढलेलं मी त्यांच्या तोंडावर वाचलं.

पैसे भरले होते सल्लागाराने. केवढं कौतुक झालं त्याचं! 'शहरातला असून माणूस दिलदार हाय,' असं अध्यक्ष दोनदा म्हणाला.

काल त्याचं बिल कंपनीकडे आलं. प्रवासखर्चाखाली नाश्ता वेगळा दाखवलाय, वर जीएसटी.