कांदा न चिरणारे घर

धुळ्याच्या आग्रा रोडवर खाली कापडाचे दुकान आणि वर राहते घर अशा एका जुन्या वास्तूत तीन पिढ्यांत कांदा चिरला गेलेला नाही. तरीही त्या घरची खानदेशी शेवभाजी पाहुणा दोनदा मागून घेतो. सुके खोबरे आचेवर काळसर भाजायचे, तीळ, धने आणि मूठभर शेंगदाणे कोरडे परतून त्यात वाटायचे, हिंगाची फोडणी सढळ हाताने द्यायची. काळा मसाला घरचा, लसणाविना कुटलेला. शेव घालायची ती पाने वाढतानाच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून त्या दिवशी शेवभाजी नाहीतर गट्टे नाहीतर कढी. महिन्याचा हिशेब मांडला तर या घराचे स्वयंपाकघर बेसनावरच चालते.

साहजिकच कांद्याचे भाव हा इतरांचा विषय होता. १९९८ साली दिल्लीच्या सत्तापालटात कांद्याचा वाटा मानला गेला, तेव्हा घरच्या सासूबाई नव्या नवरी होत्या. एवढ्याशा कंदापायी सरकार कसे पडते, याचे त्यांना हसू आले होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर हा किमान निर्यातदर ठरवला आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. शहरांतील ग्राहकाला दिलासा देणे हा हेतू होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. खाली दुकानात कापडाचे तागे उचलणाऱ्या पोराच्या डब्यातला भाकरीबरोबरचा कांदा नोव्हेंबरात नाहीसा झाला होता, हे सुनेच्या नजरेतून सुटले नव्हते. बंदीनंतर काही आठवड्यांतच घाऊक भाव निम्म्याच्या घरात आले. पोराच्या डब्यात कांदा परतला.

दुकानाच्या वहीत मात्र दुसरेच काही दिसू लागले. तालुक्यातील एका जुन्या गिऱ्हाइकाने लेकीच्या लग्नाचा बस्ता उधारीवर नेला होता; वायदा कांदा विकून संक्रांतीपर्यंत देण्याचा. संक्रांत गेली, आणि नवरा-बायको दोघे रिकाम्या हाताने आले. पुरुषमंडळी खाली गादीवर बसली. बाई वर आल्या, पाण्याचा तांब्या हाती धरून म्हणाल्या, "काकू, काढणीची मजुरी आणि गाडीभाडं देऊन हातात काय राहिलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते." ज्या जिनसेचा घराला विटाळ, तिच्याच भावावर घराची वसुली टांगलेली होती. सासूबाई त्या दिवशी सरकारवर फार संतापल्या. वायदा न बोलताच आखाजीवर गेला.

घरातील लेक जळगावी दिली आहे, डाळीच्या व्यापारातल्या घरी. निर्यातबंदीच्याच सुमारास तिचा फोन आला होता. "मम्मी, पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं. चणाडाळ आता चढायची नाही, भरायची घाई करू नकोस." २०१७ पासून या वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क होते. ते हटवल्याने कॅनडा-रशियाचा स्वस्त वाटाणा बंदरात उतरू लागला. फरसाणाच्या पिठात तो खपतो आणि त्यामुळे हरभऱ्याचा भाव दबून राहतो. आरंभी मार्चअखेरपर्यंत असलेली ही सवलत पुढे वारंवार वाढत गेली; ३० टक्के शुल्क पुन्हा लागायला १ नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. सासूबाईंनी फोन ठेवताना समाधानाने म्हटले होते, "हे बरे केले सरकारने."

सून वाणिज्य शाखेची पदवीधर, दुकानाचे जीएसटीचे काम तीच पाहते. शेतकरी जोडपे निघून गेल्यावर ताटे मांडता मांडता ती सहज बोलली, "आई, वाटाण्याचा हुकूमही आठ डिसेंबरचाच. दोन्ही एकाच दिवसापासून लागू झाले."

"मग?"

"रब्बीला त्यांचा दोन एकर हरभरा आहे. त्या आत्ता म्हणत होत्या."

सासूबाईंनी कढीची पळी पातेल्यात तशीच ठेवली. कांदा हे घर खात नाही, त्यामुळे कांदेवाल्याच्या बाजूने बोलायला घराला दमडी पडत नाही. बेसनाची गोष्ट निराळी. व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब कोणी मोठ्याने मांडत नाही. दुकानाला गिऱ्हाइकाच्या हाती पैसा खेळता हवा, आणि स्वयंपाकघराला त्याच गिऱ्हाइकाने पिकवलेला जिन्नस स्वस्त हवा. तागे उचलणारा पोर कांद्यापुरते तेच मागत होता. त्याच्याकडे वही नव्हती, इतकेच.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १० मे रोजी आखाजी होती. घरात वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस, आणि गावोगावी मांडे, आमरस, झोके, सालदारांचे नवे साल. दुपारी तेच गिऱ्हाईक आले. अर्धी रक्कम मोजून दिली, उरलेलीसाठी दिवाळी सांगितली. २० मे रोजी धुळ्यात मतदान झाले. बागलाण-मालेगावचा कांद्याचा पट्टा सामावणाऱ्या या मतदारसंघात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांना अवघ्या ३,८३१ मतांनी हरवले. कारणे अनेक होती, मालेगाव शहरातली आघाडी त्यांत मोठी. पण फरक एवढा निसटता असला की प्रत्येक कारण आपणच निर्णायक म्हणून पुढे येते आणि कांदाही त्याला अपवाद राहिला नाही. शेजारच्या जळगावात भाजपच्या स्मिता वाघ मोठ्या मताधिक्याने आल्या. आग्रा रोडवरच्या त्या घरात कोणी कोणाला मत दिले, हे ताटावर निघाले नाही.

चातुर्मासाआधीच्या किराण्याची यादी जूनअखेर निघाली. वाण्याने फोनवर विचारले, बेसन निव्वळ चण्याचे पाठवू की मिश्र? मिश्र बरेच स्वस्त पडेल. सुनेने सासूबाईंकडे पाहिले.

"चण्याचेच सांग," सासूबाई म्हणाल्या, आणि थोडे थांबून, "दोन्हींचा भाव मात्र विचारून ठेव."